टर्बो गाडीत स्टँडअलोन ईसीयू बसवताना व्हॅक्यूम लाइन कुठून कुठे न्यायच्या?

चौथा_गिअर
गाडी २ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल. टर्बोला इंटर्नल वेस्टगेट (बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, आवरायला एक्झॉस्ट बाजूने सोडणारी फडकी), ती उघडणाऱ्या ॲक्चुएटरला एकच निपल. कंपनीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काढून स्टँडअलोन, म्हणजे आपण स्वतः सेट करायचा स्वतंत्र ईसीयू, बसवायचा आहे. हवेचा हिशोब स्पीड-डेन्सिटीवर होणार, म्हणजे एअरफ्लो मीटर जाणार आणि सगळी भिस्त मॅप सेन्सरवर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा). सेन्सर ईसीयूच्या डब्यातच आहे, बाहेर फक्त निपल दिसतो. ईसीयू ग्लव्ह बॉक्समागे बसेल.

इनटेक मॅनिफोल्डवर तीन निपल आहेत. जाड निपल ब्रेक बूस्टरचा. दोन बारीक निपलांपैकी एकावर फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, दुसऱ्यावर ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल मिटला की टर्बोकडचा दाब सोडणारा). आता त्यात मॅप आणि बूस्ट गेज यांची भर पडणार. बूस्टसाठी तीन पोर्टचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) घेतला आहे, लक्ष्य १.२ बार. टी (एका नळीला फाटा काढणारा जोड) टाकून भागेल का? आणि सोलेनॉइडला हवा कुठून द्यायची, मॅनिफोल्डवरून की टर्बोवरून?

प्लेनम
मॅपपासून सुरुवात करू, कारण बाकीच्या लाइन चुकल्या तर गाडी नीट चालत नाही. ही चुकली तर इंजिन जातं.

मॅपची लाइन एकटी हवी. एक निपल, एक नळी, एक सेन्सर, मध्ये टी नाही. ईसीयूला इंजिनात किती हवा गेली हे दिसत नाही, त्याला फक्त या नळीतला दाब दिसतो. इंधन आणि इग्निशन टायमिंग दोन्ही तो त्यावरूनच काढतो. समजा मॅनिफोल्डमध्ये खरा दाब २०० किलोपास्कल आहे, म्हणजे बाहेरच्या हवेचे १०० वजा करून साधारण १ बार बूस्ट, आणि नळी गळते म्हणून सेन्सरला १७० दिसतात. इंधन सुमारे १५ टक्के कमी पडलं, शिवाय टायमिंग १७०च्या रकान्यातलं, म्हणजे २००ला चालेल त्याहून पुढचं. लीन आणि ॲडव्हान्स एकाच वेळी. नॉक (सिलिंडरातलं मिश्रण आपोआप पेटून बसणारे धक्के) सुरू व्हायला आणखी काही लागत नाही.

नळी पूर्ण सुटली तर ते लगेच कळतं. आयडलला सेन्सर १०० दाखवतो, ईसीयू भरमसाट पेट्रोल ओततो, गाडी काळा धूर सोडून बंद पडते. धोका अर्धवट गळतीचा आहे. आयडलच्या व्हॅक्यूमला नळी निपलवर चिकटून बसते, सगळं छान दिसतं, आणि बूस्ट आला की तीच नळी फुगून फट देते. म्हणून या लाइनला दोन्ही टोकांना क्लॅम्प हवाच, ‘घट्ट बसतेय’ एवढं पुरत नाही.

निळा_धूर
थोडा असहमत. कंपनीच्या कित्येक गाड्यांत टी असतोच. रेग्युलेटरच्या लाइनवरून मॅप काढला तर दाबात फरक पडायचं कारण काय? स्थिर दाब तर सगळीकडे सारखाच.

प्लेनम
स्थिर दाब सारखाच, पण इथे दाब स्थिर कुठे आहे? चार सिलिंडरचं इंजिन ९०० आरपीएमला सेकंदाला ३० वेळा हवा ओढतं. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा पडदा हलला की त्या नळीतून हवा सरकते, आणि टीपाशी बसलेल्या सेन्सरला तो धक्का दिसतो. नेमका थ्रॉटल सोडता-धरताना, जेव्हा ईसीयूला सगळ्यात अचूक आकडा हवा असतो.

रेग्युलेटरबरोबर टी नको याचं कारण वेगळं आहे. रेग्युलेटरचा पडदा फाटला की पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीत येतं. त्या नळीचं दुसरं टोक ईसीयूच्या डब्यात असेल तर पेट्रोल सेन्सरपर्यंत जाईल, आणि तो डबा आहे केबिनमध्ये. पुढे लिहायची गरज नाही.

गेज मात्र रेग्युलेटरच्या लाइनवर टी टाकून घेतलं तरी चालतं, पण गेज इलेक्ट्रिक असेल, म्हणजे त्याचा सेन्सर बॉनेटखाली असेल तर. नळी थेट डॅशबोर्डपर्यंत जाणारं मेकॅनिकल गेज असेल तर तोच पेट्रोलचा प्रश्न पुन्हा.

सोल्डर
सेन्सरच्या जागेबद्दल. ग्लव्ह बॉक्समागे ईसीयू म्हणजे नळी सहज सव्वा-दीड मीटर होणार. ४ मिमी आतल्या व्यासाच्या एक मीटर नळीत साधारण १२.५ घन सेंटिमीटर हवा मावते, ६ मिमीच्या नळीत २८. थ्रॉटल उघडला की एवढी हवा आधी नळीत भरणार, मग सेन्सरला खरा दाब दिसणार. म्हणून लांब नळीला जाड व्यास घेऊन फायदा नाही. ३.५ ते ४ मिमी पुरे.

माझी शिफारस: ईसीयूतला सेन्सर बॅरोमीटर म्हणून मोकळा सोडा (बहुतेक स्टँडअलोनच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते) आणि मॅपसाठी वेगळा ३ बारचा सेन्सर इंजिन बेमध्ये लावा, मॅनिफोल्डपासून २०-३० सेंटिमीटरवर. तीनच वायर: ५ व्होल्ट, सिग्नल, ग्राउंड. ग्राउंड ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच जोडा, बॉडीला नको. नाहीतर फॅन किंवा हेडलाइट लावल्यावर मॅपचा आकडा हलेल.

सेन्सरची रेंजही बघा. काही ईसीयूंमध्ये एमपीएक्स४२५० जातीचा सेन्सर असतो, त्याची मर्यादा २५० किलोपास्कल. १०० किलोपास्कलला तो १.८ व्होल्ट देतो, २५०ला ४.८, आणि त्यापुढे भरवसा नाही. तुमचं लक्ष्य १.२ बार म्हणजे जवळजवळ २२० किलोपास्कल. सरळ चालवताना पुरेल, पण बूस्ट उसळला तर २५०च्या पुढचं ईसीयूला दिसणारच नाही आणि ओव्हरबूस्ट कट तिथे काम करणार नाही. ३ बारचा सेन्सर घेतला की वर जागा राहते.

प्लेनम
सोल्डर यांच्याशी पूर्ण सहमत. एक भर: सेन्सर मॅनिफोल्डच्या निपलपेक्षा उंच हवा आणि त्याचं तोंड खाली. नळीला सतत चढ द्या, मध्ये झोळ नको. इनटेकमध्ये तेलाची वाफ आणि पेट्रोल असतंच, ते नळीत थंड होऊन जमतं. चढ असला की परत मॅनिफोल्डमध्ये उतरतं. झोळ असला की तिथे थेंब साचतो आणि सेन्सर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये द्रवाचं बूच बसतं. लॉगमध्ये ते मॅप उशिरा चढल्यासारखं दिसतं आणि लोक सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर बदलत बसतात.

चौथा_गिअर
बाहेरचा सेन्सर घेतो. मग निपलांचं काय? मॅपला एक दिला की उरला एक.

प्लेनम
दोन वाटा आहेत. पहिली, ब्लो-ऑफचा सध्याचा निपल ब्लो-ऑफलाच ठेवा, रेग्युलेटर आणि गेज दुसऱ्यावर, आणि मॅपसाठी प्लेनमवर (मॅनिफोल्डची मोठी पोकळी) नवं छिद्र पाडून १/८ एनपीटीचे आटे काढा. मला हीच वाट पसंत आहे, कारण मॅपची जागा स्वतः निवडता येते. ती प्लेनमच्या वरच्या बाजूला आणि मधोमध असावी. थ्रॉटलच्या लगेच मागे नको, तिथे हवा वेगात असते आणि दाब खोटा कमी दिसतो. एखाद्या रनरवर (एकेका सिलिंडरकडे जाणारी वाट) नको, तिथे एकाच सिलिंडरचे हेलकावे दिसतात. आयडल व्हॉल्व्हच्या तोंडासमोरही नको.

छिद्र ८.५ मिमीच्या आसपास, मग टॅप. एनपीटीचे आटे निमुळते असतात. टॅप पूर्ण आत घालू नका, फिटिंग लावून बघत बघत पुढे जा. आणि हे सगळं मॅनिफोल्ड काढूनच करायचं. ग्रीस लावलेल्या ड्रिलने सगळा चुरा धरला जातो हा समज सोडून द्या. ॲल्युमिनियमचा एक तुकडा व्हॉल्व्ह सीटवर बसला तरी हेड उतरवावं लागतं.

आट्यांना टेफ्लॉन टेप नको, द्रव सीलंट लावा, पहिले दोन आटे मोकळे सोडून. टेपचे धागे सुटतात आणि सोलेनॉइडच्या बारीक वाटेत जाऊन अडकतात.

दुसरी वाट व्हॅक्यूम ब्लॉकची: एका निपलवरून ब्लॉक, त्यावर ब्लो-ऑफ, रेग्युलेटर आणि गेज, दुसऱ्यावर फक्त मॅप. चालतं, पण ब्लॉकपर्यंतची नळी ६ मिमीची आणि आखूड हवी, नाहीतर ब्लो-ऑफ आळशी होतो.

जुना_कार्बो
ब्रेक बूस्टरच्या जाड नळीवर टी टाकून ब्लो-ऑफ घेता येतो. निपल वाचतो.

प्लेनम
चेक व्हॉल्व्हच्या (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) मॅनिफोल्डकडच्या बाजूला टाकला तर तांत्रिकदृष्ट्या चालतं. बूस्टरकडच्या बाजूला कधीच नाही, तिथली एक गळती म्हणजे पेडल दगडासारखं कडक. माझं मत स्पष्ट आहे: एक छिद्र वाचवण्यासाठी ब्रेकच्या लाइनला हात लावू नये.

वेस्टगेट_०७
आता सोलेनॉइड. हवा टर्बोच्या कॉम्प्रेसर हाउसिंगच्या निपलवरून घ्या, मॅनिफोल्डवरून नको. कारण सुरक्षेचं आहे. अर्ध्या थ्रॉटलला थ्रॉटलच्या मागचा दाब कमी असतो आणि पुढचा, म्हणजे टर्बोकडचा, जास्त. ॲक्चुएटरला मॅनिफोल्डचा दाब दिला तर त्याला वाटतं बूस्ट नाहीच. वेस्टगेट बंद राहतो आणि टर्बो उगाच वेगात फिरत राहतो. कॉम्प्रेसरवरून घेतलेल्या लाइनमध्ये व्हॅक्यूमही येत नाही. इंटरकूलरमधल्या दाबाच्या घटीमुळे मॅनिफोल्डचा बूस्ट थोडा कमी दिसेल, ते ड्युटी सायकल (सोलेनॉइडला किती टक्के वेळ वीज मिळते ते) भरून काढते.

जोडणी अशी: कॉम्प्रेसर निपल ते सोलेनॉइड, सोलेनॉइड ते ॲक्चुएटर, तिसरा पोर्ट मोकळा, त्यावर छोटा फिल्टर, तोंड खाली. वीज नसताना कॉम्प्रेसरची हवा थेट ॲक्चुएटरला गेली पाहिजे. म्हणजे वायर तुटली, फ्यूज गेला, तरी बूस्ट फक्त ॲक्चुएटरच्या स्प्रिंगएवढा राहतो. उलटं जोडलं तर वायर सुटताच वेस्टगेट बंदच राहील आणि बूस्ट बेलगाम चढेल.

निळा_धूर
पोर्टवर १, २, ३ लिहिलेलं असतं. कुठला कशाला?

वेस्टगेट_०७
आकड्यांवर जाऊ नका, वेगवेगळ्या माहितीपत्रकांत एकाच आकड्याला वेगळी कामं लिहिलेली सापडतात. सोलेनॉइड हातात घ्या, वीज न देता एकेका पोर्टमध्ये तोंडाने फुंका. जे दोन आपापसात मोकळे आहेत ते कॉम्प्रेसरचा आणि ॲक्चुएटरचा. उरलेला मोकळ्या हवेचा. आता १२ व्होल्ट द्या, टक् आवाज येईल. पुन्हा फुंका: या वेळी मोकळ्या हवेच्या पोर्टशी जो जोडला गेला तो ॲक्चुएटरचा. दोन मिनिटांत खात्री होते.

एक्स्टर्नल वेस्टगेट असणाऱ्यांनी ही जोडणी जशीच्या तशी उचलू नये. तिथे एक रीत अशी की खालच्या पोर्टला कॉम्प्रेसरची हवा थेट, आणि सोलेनॉइड वरच्या पोर्टवर. त्यात वीज नसताना वरचा पोर्ट बाहेरच्या हवेला मोकळा असायला हवा, म्हणजे पोर्ट उलटे होतात.

आणि जुन्या नळीतला रिस्ट्रिक्टर शोधा. कंपनीचा सोलेनॉइड दोन पोर्टचा, हवा सोडून देणारा असेल तर कॉम्प्रेसर आणि टी यांच्यामध्ये साधारण १ मिमी छिद्राची पितळी गोळी नळीत बसवलेली असते. तिथे ती लागतेच. तीन पोर्टच्या सोलेनॉइडबरोबर तीच राहिली तर ॲक्चुएटर हळू भरतो आणि बूस्ट आधी उसळून मग खाली येतो. नळी बोटांनी चाचपा, कडक गाठ लागते. किंवा नवी नळीच टाका.

सोल्डर
सोलेनॉइडची फ्रीक्वेन्सी साधारण २० ते ३० हर्ट्झपासून सुरू करा. जास्त ठेवली तर व्हॉल्व्हला उघडमीट करायला वेळच मिळत नाही आणि ड्युटी बदलूनही बूस्ट बदलत नाही.

वेस्टगेट_०७
बरोबर. पहिली फेरी ०% ड्युटीवरच. बूस्ट स्प्रिंगएवढाच थांबला पाहिजे. मग १०%ने चढवा. स्प्रिंगच्या साधारण दुपटीपर्यंत बूस्ट नीट धरता येतो. चौथा_गिअर, तुमचं लक्ष्य १.२ बार आहे, ॲक्चुएटर ०.५चा असेल तर वरच्या आरपीएमला एक्झॉस्टचा दाब फडकी उघडेल आणि बूस्ट गळेल. ०.७ किंवा ०.८चा स्प्रिंग घ्या.

प्लेनम
रेग्युलेटरच्या लाइनकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून लिहितो. रेल (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) आणि मॅनिफोल्ड यांच्या दाबातला फरक कायम ३ बार ठेवणं हे त्याचं काम. १ बार बूस्टला रेल ४ बार होते. नळी सुटली किंवा दबली तर रेल ३ बारवरच राहते, समोर १ बार उलटा दाब, इंजेक्टरवर फरक उरतो २ बारचा. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे २/३चं वर्गमूळ, ०.८२. म्हणजे १८ टक्के इंधन गायब, आणि ईसीयूच्या हिशोबात सगळं ठीक. रेलवर प्रेशर सेन्सर लावून लॉग करता आला तर जरूर करा.

या लाइनमध्ये वन-वे व्हॉल्व्ह कधीही टाकू नका. बेस प्रेशर (रेलचा मूळ दाब) सेट करताना नळी काढून, मॅनिफोल्डकडचं टोक बूच लावून बंद करून सेट करा.

नळीचा प्रकारही इथे वेगळा: सिलिकॉन पेट्रोलला टिकत नाही, फुगून मऊ पडतो. रेग्युलेटरला इंधनाची रबरी नळी. मॅपला आणि सोलेनॉइडला जाड भिंतीचा सिलिकॉन ठीक.

जुना_कार्बो
पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारा व्हॉल्व्ह) राहिला. बूस्टमध्ये तो बंद व्हायला हवा. जुना पीसीव्ही उलटा गळतो, बूस्ट क्रँककेसमध्ये जातो, मग डिपस्टिक वर येते आणि सील तेल सोडतात. काढून फुंकून बघा: इंजिनकडून मॅनिफोल्डकडे हवा जावी, उलटी अजिबात जाऊ नये. चारकोल कॅनिस्टरच्या (टाकीतली पेट्रोलची वाफ धरणारा डबा) पर्ज लाइनलाही तोच नियम, तिथे चेक व्हॉल्व्ह नसेल तर बूस्ट टाकीच्या दिशेने जातो.

चौथा_गिअर
मॅपच्या लाइनमध्ये हेलकावे कमी करायला रिस्ट्रिक्टर टाकावा का? काही जण ०.८ मिमीचा सुचवतात.

प्लेनम
आधी टाकू नका. ईसीयूमध्ये इंजिनच्या फिरण्याबरोबर मॅप वाचण्याची सोय असेल तर ती वापरा, बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. रिस्ट्रिक्टरची एक बाजू कोणी सांगत नाही: तो बसवला की पुढची बारीक गळतीही मोठी होते. मोकळ्या नळीत सुईएवढं भोक पडलं तर मॅनिफोल्डमधून हवा लगेच भरून येते, आकडा फारसा हलत नाही. मध्ये ०.८ची वाट असेल तर तेवढ्याच मापाच्या गळतीला दाब वाटला जातो आणि सेन्सर बराच कमी दाखवतो.

वेस्टगेट_०७
सगळं जोडल्यावर चाचणी. इंजिन थंड, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला.

कॉम्प्रेसरच्या तोंडाला बूच, त्यात हवेचं कनेक्शन आणि रेग्युलेटर. थ्रॉटल पूर्ण उघडा धरा, पेडलला आधार द्या. बंद थ्रॉटलमागे दाब पोचायला वेळ लागतो. इग्निशन ऑन, लॅपटॉप जोडलेला. हवा सोडण्याआधी मॅपने बाहेरचा दाब दाखवला पाहिजे: समुद्रसपाटीला १०१च्या आसपास, वर दर १०० मीटरला साधारण १.१ ते १.२ किलोपास्कल कमी. इथेच आकडा चुकला तर सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकीचं टाकलंय, नळीला दोष देऊ नका.

आता हळूहळू ०.२ बारच्या टप्प्याने चढवा. ॲक्चुएटरच्या दांडीवर नजर ठेवा: स्प्रिंगच्या दाबाजवळ ती सरकायला लागते. सरकली म्हणजे सोलेनॉइड वीज नसताना हवा ॲक्चुएटरपर्यंत जाऊ देतोय हे सिद्ध झालं. १ बारला मॅप बाहेरच्या दाबापेक्षा १०० किलोपास्कल जास्त हवा. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर. तेलाच्या झाकणातून थोडी फुस्स येणारच, एखादा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो आणि रिंगांमधून हवा उतरते. झाकण सैल ठेवा, म्हणजे क्रँककेसमध्ये दाब साठणार नाही. १ बारच्या फार वर जाऊ नका.

निळा_धूर
क्लॅम्प कुठले? केबल टाय सगळेच लावतात.

सोल्डर
केबल टाय चौकोनी गाठीपाशी नळीला नीट दाबत नाही, तिथे फट राहते, आणि उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ होतं. ४ मिमी नळीला स्प्रिंगचा क्लॅम्प. सिलिकॉन गरम-थंड होऊन बसला तरी स्प्रिंग मागोमाग आवळत राहतो. टर्बोच्या बाजूने जाणाऱ्या नळीवर उष्णतारोधक स्लीव्ह, आणि एक्झॉस्टपासून शक्य तितकं अंतर. साधा सिलिकॉन २०० अंश सेल्सिअसच्या आसपास टिकतो, लाल झालेलं हाउसिंग त्याच्या कितीतरी पुढे असतं. इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या नळीला थोडी ढील ठेवा, इंजिन माउंटवर हलतं. ताणलेली नळी निपलच्या कडेवरच चिरते, बाहेरून दिसतही नाही.

चौथा_गिअर
ठरलं ते असं: प्लेनमवर नवा १/८ एनपीटी, त्यावर फक्त मॅप, सेन्सर फायरवॉलवर उंच. एका निपलवर रेग्युलेटर, त्यावर टी घेऊन इलेक्ट्रिक गेज. दुसऱ्यावर ब्लो-ऑफ. कॉम्प्रेसरवरून सोलेनॉइड, ०.७चा ॲक्चुएटर. ओव्हरबूस्ट कट किती ठेवू?

वेस्टगेट_०७
पहिल्या फेऱ्यांना स्प्रिंगच्या ०.२ बार वर, म्हणजे १९० किलोपास्कलच्या आसपास. ड्युटी वाढवत जाल तसा कटही वर न्या. शेवटी लक्ष्य २२०, कट २४०.

प्लेनम
आराखडा बरोबर आहे. गेजचा टी रेग्युलेटरपेक्षा मॅनिफोल्डच्या जवळ घ्या. आणि पहिल्या दोन-तीन वेळा इंजिन पूर्ण तापून गार झाल्यावर फिटिंग आणि क्लॅम्प पुन्हा हाताने तपासा, नवा सिलिकॉन बसतो तो तेव्हाच.